खुणांची वाट

समुद्रकांठच्या विहारस्थळीं सुट्टी घालविण्यास जाणाऱ्या कुटुंबांसाठीं अलीकडे एक नवा खेळ निघाला आहे. आईबाप, मुलें आणि बरोबर असल्यास आजीआजोबा अशी सारी मंडळी एक मोबाईल फोन घेऊन पायीं बाहेर पडतात. फोनमधील ॲप त्यांस कोडें घालतें : धक्क्याकडे पाठ करून उभे राहा, डाव्या हातास जी जुनी इमारत दिसेल तिच्या दारावर कोणतें साल कोरलें आहे तें सांगा. साल बरोबर आलें कीं पुढची वाट उघडते. चुकलें तर मंडळींस तेथेंच घुटमळावें लागतें. असें करीत तास दीड तासांत सगळें गांव पायांखालून जातें. ज्या मुलास ‘चल, फिरावयास जाऊं’ म्हटलें असतां कंटाळा येतो, तेंच मूल ह्या खेळांत पुढें धांवतें आणि मागें राहिलेल्या मोठ्यांस हांका मारतें.

ह्या प्रकाराकडे दोन दृष्टींनीं पाहिलें जातें. कित्येकांस त्याचें कौतुक वाटतें. कित्येक म्हणतात, मुलांना चालावयास लावण्यासाठींही आतां यंत्र लागावें, ही काय दशा! आमच्या मतें दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात. यंत्र नवें असलें तरी खेळ नवा नाहीं. खुणेवरून स्थळ शोधावें, तेथें थांबावें, तेथें काय घडलें तें ऐकावें आणि मग पुढच्या खुणेकडे निघावें, ही चालण्याची रीत फार जुनी आहे. आणि तिचा एक अत्यंत व्यवस्थित ग्रंथ मराठींत, आमच्या वऱ्हाडाशीं निगडित असा, साडेसहाशें वर्षांहूनही अधिक काळापूर्वीं तयार झालेला आहे. तिवशासारख्या ठिकाणीं राहणाऱ्या वाचकास समुद्र दूर; परंतु ह्या रीतीचें एक जुनें पीठ मात्र त्याच्या शेजारीं आहे. म्हणून प्रथम परदेशांतील खेळाचा वृत्तांत थोडक्यांत सांगून मग घरच्या परंपरेकडे वळावें, असा आमचा विचार आहे.

हवा पालटण्यासाठीं थंड ठिकाणीं जाण्याची चाल आपल्याकडे इंग्रजी अमदानींत रूढ झाली. चिखलदऱ्याचें पठार १८२३ सालीं कॅप्टन रॉबिन्सन ह्या लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलें. माथेरान १८५० सालीं ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यानें पुढें आणलें. अशा ठिकाणीं ‘पॉइंट’ पाहण्याची पद्धत पडली. चिखलदऱ्यास गेलेलें कुटुंब भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल अशीं नांवें एकामागून एक घेतें. गाडी थांबते, मंडळी कठड्यापर्यंत जातात, दरींत डोकावतात, छायाचित्र काढतात आणि पुढच्या पॉइंटास निघतात. परतल्यावर ‘काय पाहिलें?’ असें विचारल्यास उत्तर संख्येंत येतें : नऊ पॉइंट झाले, दोन राहिले. पंचबोलास हांक मारून डोंगरांतून परत येणारा आपलाच आवाज ऐकणारें मूल मात्र तें ठिकाण विसरत नाहीं. कारण तेथें त्यास स्वतः कांहीं करावें लागलें. नुसतें पाहणें आणि शोधून पाहणें ह्यांत भेद आहे तो हाच.

इंग्लंडांत हा भेद एका वाटाड्याच्या ध्यानांत आला होता. डार्टमूर नांवाच्या ओसाड, दलदलीच्या माळरानावर क्रॅनमिअर पूल म्हणून एक आडवळणी जागा आहे. १८५४ सालीं जेम्स पेरट ह्या वाटाड्यानें तेथें एक बाटली ठेवली. जो कोणी तेथवर चालत येईल त्यानें आपल्या नांवाची चिठ्ठी तींत टाकावी, एवढाच नियम. पुढें बाटलीची पेटी झाली, एका पेटीच्या अनेक पेट्या झाल्या, आणि पत्त्याऐवजीं कोडें देऊन त्या शोधावयास लावण्याचा छंद लोकांस जडला. बक्षीस कांहीं नव्हतें. पेटी सांपडली, तींतला शिक्का आपल्या वहींत उमटविला, कीं श्रमांचें सार्थक झालें.

समुद्रकिनाऱ्यावर ह्याच कल्पनेस निराळें वळण लागलें. सुट्टीच्या दिवसांत वृत्तपत्रांचा खप उतरतो. त्यावर उपाय म्हणून १९२७ च्या ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या ‘वेस्टमिन्स्टर गॅझेट’ ह्या पत्रानें एक युक्ति काढली. ‘लॉबी लड’ ह्या कल्पित नांवाचा एक इसम ग्रेट यार्मथसारख्या किनाऱ्यावरील गांवीं पाठवावयाचा, तो कोणत्या वाटेनें जाईल व कसा दिसतो ह्याचें वर्णन पत्रांत छापावयाचें, आणि जो वाचक हातांत तो अंक धरून त्यास हुडकील व ठरलेलें वाक्य उच्चारील त्यास पन्नास पौंड द्यावयाचे. झालें! सहलीस आलेलीं कुटुंबें रस्तोरस्तीं प्रत्येक अनोळखी माणसाचें तोंड न्याहाळीत हिंडूं लागलीं. ही युक्ति इतकी गाजली कीं ग्रॅहम ग्रीन ह्या कादंबरीकारानें १९३८ सालच्या आपल्या ‘ब्रायटन रॉक’ ह्या कादंबरीचा आरंभच अशा एका इसमाच्या फेरफटक्यानें केला. पण येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. डार्टमूरवरचा मनुष्य बाटली शोधतांना माळरान ओळखूं लागला. किनाऱ्यावरचा मनुष्य लॉबी लड शोधतांना गांव विसरूं लागला. खूण गांवाची नव्हती, वृत्तपत्राची होती. १९२८ सालीं तें पत्र दुसऱ्या पत्रांत विलीन झालें. खेळ इतर पत्रांनीं पुढें चालविला, परंतु गांवास त्यांतून कांहीं लाभलें असें दिसत नाहीं.

आतां फोनच्या खेळाकडे येऊं. त्याचें मूळ आकाशांत आहे. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे चोवीस किंवा अधिक उपग्रह फिरत असतात आणि सतत वेळेचा संकेत सोडीत असतात. संकेत किती उशिरां पोहोंचला ह्यावरून यंत्र त्या उपग्रहाचें अंतर काढतें. असे चार उपग्रह मिळाले म्हणजे मनुष्य कोठें उभा आहे तें ठरतें. ही योजना मूळची लष्करी. सामान्य लोकांस मिळणारा संकेत मुद्दाम बिघडविलेला असे, व त्यामुळें शंभर मीटरपर्यंत चूक पडे. १ मे २००० रोजीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं तो बिघाड काढून टाकण्याची आज्ञा दिली आणि चूक वीस मीटरांच्या आंत आली. दोनच दिवसांनीं, ३ मे रोजीं, डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें ओरेगन संस्थानांतील एका रानांत बादली पुरून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले, व ‘ज्याला सांपडेल त्यानें कांहीं घ्यावें आणि कांहीं ठेवावें’ असें सुचविलें. पेरटच्या बाटलीचाच हा दुसरा अवतार. २०१६ च्या जुलै महिन्यांत ‘पोकेमॉन गो’ हा खेळ निघाला आणि ही रीत जगभर घरोघर पोहोंचली. आपल्या देशांत तो रीतसर आला तो त्या वर्षाच्या डिसेंबरांत; पण त्यापूर्वींच, सप्टेंबरांत, गुजरात उच्च न्यायालयांत त्याविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली होती. खेळांतील काल्पनिक अंडीं देवळांच्या ठिकाणीं सांपडतात, त्यामुळें भाविकांच्या भावना दुखावतात, असें गाऱ्हाणें होतें. गाऱ्हाण्याच्या योग्यायोग्यतेंत आम्ही शिरत नाहीं. त्यांतून निघणारा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे : एखाद्या गांवांतल्या देवळावर, वडावर किंवा चौकावर खूण कोणीं ठेवावयाची? तेथल्या लोकांस न विचारतां ती हजारों कोसांवरून ठेवतां यावी काय?

ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू आयुष्याची आहे. ‘पोकेमॉन गो’ काढणाऱ्या नायँटिक ह्या कंपनीनें २०१९ च्या जूनमध्यें हॅरी पॉटरच्या कथांवर आधारलेला असाच एक चालण्याचा खेळ काढला होता. ३१ जानेवारी २०२२ रोजीं तो बंद झाला. जगभर लाखों ठिकाणीं मांडलेल्या त्याच्या खुणा एका दिवसांत नाहींशा झाल्या. रस्त्यावर उभ्या असलेल्या मनुष्यास त्याचा मागमूसही दिसला नाहीं. २०२५ सालीं ‘पोकेमॉन गो’सुद्धां दुसऱ्या कंपनीच्या हातीं गेला. अडीच वर्षांचें आयुष्य आणि मालकाची मर्जी, एवढ्यावर ह्या वाटा उभ्या आहेत. हें मनांत ठेवून आतां आपण वऱ्हाडांत येऊं.

मोर्शी तालुक्यांतील ऋद्धपूर हें महानुभाव पंथाचें आद्य क्षेत्र. तिवशाहून सकाळीं निघून दिवस मावळण्यापूर्वीं परत येतां येईल, इतकें तें जवळ आहे. तेराव्या शतकांत तेथें श्रीगोविंदप्रभु राहत होते. त्यांच्या भेटीस आलेले श्रीचक्रधर हे मूळचे गुजराथचे राजपुत्र. रामटेकच्या यात्रेचें निमित्त करून ते घरांतून निघाले आणि ऋद्धपुरास येऊन थांबले, अशी कथा प्रसिद्ध आहे. पुढें चक्रधर आयुष्यभर पायीं हिंडले. गोदावरीच्या कांठचीं गांवें, लोणार, पैठण, अशा कितीतरी ठिकाणीं त्यांचा मुक्काम पडला. त्यांच्या पश्चात् म्हाइंभट ह्या विद्वान शिष्यानें गांवोगांव जाऊन, ज्यांनीं चक्रधरांस प्रत्यक्ष पाहिलें होतें त्यांस विचारून, एकेक आठवण गोळा केली आणि शके १२०० च्या सुमारास ऋद्धपुरांतील वाजेश्वरीच्या ठिकाणीं ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ पायपिटीचें फळ आहे, ही गोष्ट त्याच्या वाङ्मयीन गुणांची चर्चा करतांना सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं.

परंतु आमच्या आजच्या विषयास अधिक जवळचा ग्रंथ दुसराच आहे. त्याचें नांव ‘स्थानपोथी’. चौदाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो तयार झाला व मुनिव्यास ह्यांच्या नांवावर तो सांगितला जातो. आधुनिक काळांत डॉ. वि. भि. कोलते ह्यांनीं त्याचें संपादन केलें. चक्रधर कोणत्या गांवीं कोणत्या जागीं बसले, कोठें रात्रीपुरते राहिले, कोठें दीर्घकाळ राहिले, ह्याची ही यादी. परंतु ती नुसती नांवांची यादी नाहीं. गांवाच्या कोणत्या अंगास देऊळ आहे, त्याचें दार कोणत्या दिशेस उघडतें, त्याच्या कोणत्या बाजूस पटिशाळा आहे, तेथून अमुक झाड वा अमुक ओढा कोणीकडे, हें सारें तींत सांगितलेलें आहे. पोथी हातीं घेतलेला मनुष्य गांवांत शिरून, एका खुणेवरून दुसऱ्या खुणेकडे जात, नेमक्या त्या हातभर जागेपाशीं येऊन उभा राहावा, हा तिचा हेतु. म्हणूनच मध्ययुगीन देवळांची रचना समजून घेणाऱ्या अभ्यासकांसही ही पोथी मोलाची वाटते. दीक्षा घेतलेला भिक्षु, तसाच प्रपंचांतला गृहस्थ, मुलांबाळांसह ह्या स्थानांस जातो. जागा कळावी म्हणून तेथें ओटा बांधलेला असतो. त्या ओट्यावर मूर्ति असेलच असें नाहीं. येथें स्वामी बसले होते, एवढीच आठवण; तिला वंदन करावयाचें, ती लीळा स्मरावयाची आणि पुढच्या ओट्याकडे चालावयाचें.

आम्ही ह्यास खेळ म्हणत नाहीं. भक्तांच्या दृष्टीनें तें स्थानवंदन आहे आणि त्याचें गांभीर्य आम्हांस मान्य आहे. परंतु त्याची बांधणी पाहिली तर ती फोनवरील खेळाशीं अक्षरशः जुळते : दिशा, खूण, थांबा, कथा आणि पुढची वाट. पंथाच्या ग्रंथांसाठीं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या गेल्या. त्या उलगडण्यास विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळांत इतिहासाचार्य राजवाडे ह्यांच्यासारख्या संशोधकांस परिश्रम करावे लागले. कोड्याचाही येथें अभाव नाहीं.

आणि खेळ म्हणावयाचाच झाला तर तोही ऋद्धपुरांत होताच. गोविंदप्रभूंचें सारें चरित्र एखाद्या मनस्वी बालकाचें आहे. ते गल्लीबोळांतून हिंडत, कोणाच्याही घरांत शिरत, मुलांमध्यें मूल होऊन रमत. एकदां त्यांस आपलें लग्न व्हावें अशी लहर आली आणि भक्तांनीं तो विवाहाचा सोहळा मांडला. त्या प्रसंगीं महदंबेनें कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर ‘धवळे’ गाइले. मराठींतील आद्य कवयित्रीचें काव्य असें खेळांतून जन्मास आलें. ज्या रुक्मिणीचें लग्न ऋद्धपुरांत गाइलें गेलें तिचें माहेर म्हणजे कौंडिण्यपूर, तें वर्धेच्या कांठीं, आजच्या तिवसा तालुक्यांत आहे. कथा एका गांवची, गाणें दुसऱ्या गांवचें, आणि दोहोंच्या मध्यें चालण्याजोगी वाट, असा हा संबंध आहे.

कौंडिण्यपूर हें विदर्भाच्या प्राचीन राजधानीचें स्थान मानलें जातें. १९६० नंतरच्या दशकांत डॉ. मो. गं. दीक्षित ह्यांनीं तेथें उत्खनन केलें आणि सातवाहनकालीन व त्याहीपूर्वींच्या वस्तीचे थर उजेडांत आले. येथून पंढरपुरास जाणारी पालखी संत सदाराम महाराजांनीं १५९४ सालीं सुरू केली, अशी परंपरा सांगते. शेंकडों कोसांची ती वाट कोणत्याही नकाशावांचून चालू राहिली, कारण पुढचा मुक्काम कोठें, पाणी कोठें, कोणत्या गांवीं भाकरी मिळते, हें एका पिढीनें दुसरीस चालतां चालतां सांगितलें. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळापासून कौंडिण्यपुरापर्यंत भुयार आहे आणि त्यांतून कृष्णानें रुक्मिणीस नेलें, अशी दंतकथा वऱ्हाडांतल्या पोरांनीं आजीच्या तोंडून ऐकलेली असते. भुयार कोणास सांपडलें नाहीं. पण तें शोधण्याची हुरहुर दर पिढीस नव्यानें लागते, आणि हेंच तिचें काम आहे.

घरगुती खेळांतही ही रीत आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडांत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणत घरोघर फिरतात. गाणें संपलें कीं त्या घरची बाई झांकलेला डबा वाजवून दाखविते आणि आंत कोणता खाऊ आहे तो मुलींनीं ओळखावयाचा असतो. ओळखला नाहीं तर सुटका नाहीं. मग गोड कीं तिखट, पांढरा कीं पिवळा, असे प्रश्न सुरू होतात. तान्ह्या पोळ्यास लांकडी बैल ओढीत मुलें दारोदार जातात आणि बोजारा मागतात. दोन्ही खेळांत चालणें आहे, थांबे आहेत, कोडें वा बक्षीस आहे, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दार उघडणारें माणूस आहे. ह्या खेळांतून मुलास गांव कळतें तें घरांच्या नांवांनीं : ही वहिनी चिवडा चांगला करते, त्या आजोबांस ऐकूं येत नाहीं, ह्या वाड्यांत विहीर आहे.

समुद्रकांठचें उदाहरणच हवें असेल तर तेंही आपल्याकडे आहे. गणपतिपुळ्यास डोंगरच देवाचें रूप मानला जातो, म्हणून प्रदक्षिणा देवळास नव्हे तर सबंध डोंगरास घालावी लागते. सहलीस आलेलें कुटुंब समुद्राच्या लाटा एका हातास आणि डोंगर दुसऱ्या हातास ठेवून ती वाट पायीं पुरी करतें. वाटेनेंच त्यास चालविलें; सांगणारें यंत्र कोणी लागलें नाहीं.

येथवर वाचून वाचकांस वाटेल कीं आम्ही जुन्याची तरफदारी करण्यास बसलों आहों. तसें नाहीं. जुन्या वाटांचा एक दोष एवढा मोठा आहे कीं तो न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्या सर्वांस मोकळ्या नव्हत्या. १९२७ सालीं, ज्या वर्षीं इंग्लंडच्या किनाऱ्यावर कुटुंबें गंमत म्हणून लॉबी लड शोधीत होतीं, त्याच वर्षीं अमरावतीस अंबादेवीच्या देवळांत पाऊल टाकण्याचा हक्क अस्पृश्य मानलेल्या बंधुभगिनी मागत होत्या. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत अमरावतीस भरलेल्या त्यांच्या परिषदेचें अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं स्वीकारलें होतें, आणि मंदिरप्रवेशाच्या ह्या लढ्यास डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांचा पाठिंबा होता. ज्या भुयाराची कथा सर्व मुलांनीं ऐकली होती त्याच्या तोंडापर्यंत जाण्याची मुभा मात्र सर्व मुलांस नव्हती. महानुभावांनीं स्त्रियांस व शूद्रांस ज्ञानाचा अधिकार तेराव्या शतकांतच दिला, हें त्यांचें मोठेपण ह्या पार्श्वभूमीवर अधिक उठून दिसतें. पण सर्व समाजानें तो धडा घेतला नाहीं.

ह्या बाबतींत फोनचा खेळ निर्दोष म्हणावा लागेल. तो जात विचारीत नाहीं, सोंवळें मागत नाहीं, पोरीबाळींस घरीं बसा म्हणत नाहीं. त्याचे अडथळे निराळे आहेत. फोन विकत घ्यावा लागतो. कुटुंबांतील एकाच्याच हातीं तो असतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतात. मंडळी कोठें व किती वेळ थांबली ह्याची नोंद खेळाच्या मालकाकडे जमा होते. शिवाय, कोडें सुटलें कीं दृष्टि पुन्हां पडद्याकडे वळते. दारावरचें साल वाचलें, पण तें दार कोणीं बांधलें हें सांगणारा मनुष्य शेजारीं ओट्यावर बसला असतांही त्यास कोणी विचारलें नाहीं, असें घडूं शकतें.

तेव्हां यंत्र चांगलें कीं वाईट, हा वाद आमच्या मतें गौण आहे. खूण कोणाच्या ताब्यांत आहे, हा मुख्य प्रश्न आहे. ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमींत नाहींशी झाली, असें पंथाची परंपरा सांगते, पण हिराइसेसारख्या स्मरणशील भक्तांच्या तोंडीं ती होती म्हणून ग्रंथ पुन्हां उभा राहिला. स्थानपोथींतील कित्येक देवळें पडलीं, ओढे आटले, झाडें गेलीं. तरी ओटे राहिले, कारण दर वर्षीं तेथें येऊन नमस्कार करणारीं माणसें राहिलीं. उलट, २०२२ सालीं बंद झालेल्या त्या खेळाच्या खुणा कोणाच्याच तोंडीं नव्हत्या. दूरच्या एका कारखान्याच्या यंत्रांत त्या होत्या. यंत्र थांबलें, खुणा संपल्या. जी वाट गांवाच्या स्मरणांत नाहीं ती कितीही मनोरंजक असली तरी उसनी आहे.

ह्यांतून तिवसा तालुक्यापुरती एक सूचना करावीशी वाटते. येथील सुशिक्षित कुटुंबें सुट्टींत कोंकणच्या किनाऱ्यास जातात आणि तेथल्या बुरुजांची नांवें मुलांस शिकवितात. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु त्याच मुलांस वर्धा नदी कौंडिण्यपुरापाशीं कोणत्या दिशेस वळते हें ठाऊक नसतें. मोझरीस १९३५ सालीं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं स्थापिलेला गुरुकुंज आश्रम महामार्गावरच आहे. गाडींतून जातांना त्याची पाटी दिसते आणि मागें पडते. ऋद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ व्हावें असा कायदा २०२३ सालीं राज्याच्या विधिमंडळानें केला, म्हणजे त्या गांवाचें महत्त्व आतां सरकारदरबारींही मान्य झालें. पण वाजेश्वरी कोठें, हें शेजारच्या तालुक्यांतल्या किती घरांत सांगतां येईल?

म्हणून शाळांनीं आणि ग्रामपंचायतींनीं आपापल्या गांवाची एक लहानशी स्थानपोथी तयार करावी. मुलांनीं म्हाइंभटाप्रमाणें वृद्धांकडे जावें, विचारावें, लिहून घ्यावें. दहा खुणा पुरेत : जुनी वेस, बारव, पालखी निघते ती जागा, पुराचें पाणी चढलें होतें ती रेघ, पहिली शाळा भरली तें घर. प्रत्येक खुणेस एक कोडें असावें आणि त्याचें उत्तर दगडांत, झाडांत किंवा माणसाच्या तोंडीं असावें. कित्येक उत्तरें अशीं असावींत कीं तीं कोणास तरी विचारल्याशिवाय मिळूंच नयेत. मग हीच सामग्री कोणीं फोनवर घातली तर आनंदच आहे. मात्र तिची एक प्रत कागदावर, शाळेच्या कपाटांत व गांवच्या वाचनालयांत राहावी. उत्खननाच्या टेकाडावर मुलांनीं खणूं नये, पावसाळ्यांत नदीच्या पात्रांत उतरूं नये, आणि कोणाचेंही दार खुणेसाठीं ठोठावण्यापूर्वीं त्याची संमति घेतलेली असावी, हे नियमही पहिल्याच पानावर छापावे. कोणत्याही वस्तीस वगळून वाट आखूं नये, हा नियम त्याहूनही वर असावा. जुन्या वाटांनीं जी चूक केली ती नव्या वाटांनीं करण्याचें कारण नाहीं.

ह्या कामास मोठें भांडवल नको. फोन असल्यास असो, नसल्यास अडत नाहीं. एखाद्या रविवारीं घरांतल्या सर्वांनीं मिळून वर्धेच्या कांठीं जावें आणि तेथें भेटेल त्या म्हाताऱ्या बाईस ‘आजी, येथें पूर्वीं काय होतें?’ असें विचारावें. पहिली खूण तीच दाखवील.